रेषेवरचा इसम

फुटबॉलचा चेंडू रेषेवर असेल तर तो आत धरायचा की बाहेर, या प्रश्नावरून १९८६ सालच्या जुलैत रत्नागिरीतल्या एका आळीत दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं. दोघांपैकी एकानेही उभ्या जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. त्यामुळे वाद स्वच्छ राहिला. खेळलेल्या माणसाला थोडा तरी संशय असतो. या दोघांना कसलाच नव्हता.

त्यातले एक वासुदेव नागवेकर. सरकारी मोजणी कचेरीत हेडक्लार्क, म्हणून सगळ्यांचे भाऊसाहेब. दुसरे दादू पावसकर, शिंपी. दोघांच्या परसांच्या मधे चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा होता आणि त्यावर कोपरं टेकून दोघांनी वीस वर्षं जगातल्या यच्चयावत विषयांवर मतं दिली होती. त्याच वीस वर्षांत आळीच्या कबड्डी मंडळात दादू चढाई करत आणि भाऊसाहेब रेषेवर बसत. कबड्डीच्या पुस्तकात रेषेबद्दल काय लिहिलंय ते पुस्तकाला ठाऊक. मंडळाचा कायदा मंडळाने केलेला होता. वाद झाला की गड्याने तळवा उलटा करून दाखवायचा. रेषेच्या चुन्याने, म्हणजे फक्कीने, पांढरा झालेला दिसला की गडी बाद. भाऊसाहेबांना तळवा बघावा लागत नसे. पाय फक्कीला लागला रे लागला की त्यांचा उजवा हात वर. लोक म्हणत, नागवेकरांचा हात त्यांच्या डोळ्यांच्या आधी बघतो. हे ऐकून भाऊसाहेब तोंडाने "छे, छे" म्हणत, आणि मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा एकदा ऐकत.

त्या वर्षी दूरदर्शनने मेक्सिकोतले विश्वचषकाचे सामने दाखवले. आळीतल्या एकुलत्या एका टीव्हीवर, मुंग्यांच्या गर्दीतून जेवढे खेळाडू दिसले तेवढ्यांच्या जोरावर, सगळी आळी फुटबॉलची जाणकार झाली. त्यातच कैलासवासी धोंडो विश्राम हायस्कूलने मुलांचा संघ काढला. त्याआधी त्या शाळेत भूगोल आणि शारीरिक शिक्षण असे दोन विषय शिकवणारे साळवी सर कबड्डीपलीकडे जात नसत. पण ‘या साली फुटबॉलचाही संघ पाठवावा’ असं वरून परिपत्रक आलं आणि सरांनी ते छातीवर हात ठेवून वाचलं.

भाऊसाहेबांची मुलगी जान्हवी, घरातली जनी, त्याच शाळेत सातवीत होती. एवढं नातं भाऊसाहेबांना पुरलं. त्यांनी मुंबईच्या मावसभावाकडून फुटबॉलच्या नियमांचं जुनं इंग्रजी पुस्तक मागवलं आणि ते आधी वाचून काढलं, मग अभ्यासलं, आणि मग, मराठी मुलांची गैरसोय होऊ नये म्हणून, त्याचा राजभाषेत अनुवाद करायला घेतला. फ्री किकला त्यांनी ‘मुक्त लाथ’ म्हटलं. इनडायरेक्ट फ्री किक झाली ‘अप्रत्यक्ष मुक्त लाथ’. पेनल्टीची ‘शास्तीची लाथ’. चेंडूला हात लावणं म्हणजे ‘हस्तक्षेप’. इथे मात्र त्यांना स्वतःचाच फार अभिमान वाटला. लाइन्समनला ‘सीमानिरीक्षक’. जनीचं अक्षर सुरेख, म्हणून पक्की प्रत तिने करायची.

"अहो," त्यांची पत्नी शालन वहीत डोकावून म्हणाली, "पोरीने एका पानावर अकरा लाथा लिहिल्यात. उद्या कुणी पाहुणे आले नि वही उघडली तर?"

"तो पारिभाषिक शब्द आहे," भाऊसाहेब म्हणाले.

नववा नियम त्यांनी विशेष मन लावून लिहिला होता: ‘चेंडू, जमिनीवरून असो वा अधांतरी, संपूर्ण रेषा संपूर्णतः ओलांडून पलीकडे गेल्याखेरीज तो मैदानाबाहेर गेला असे समजण्यात येणार नाही.’ तो त्यांनी गडग्यावरून दादूंना वाचून दाखवला.

"म्हणजे फक्कीवर असला तर?" दादूंनी विचारलं.

"आत."

"फक्की लागली तरी?"

"माखली तरी आत."

"वासू, वीस वर्षं तू फक्की लागली म्हणून माणसं बाहेर काढलीस. मला काढलंस. हेदवीच्या मंडळाविरुद्ध, शेवटच्या चढाईत. आणि आता चेंडूला लाड?"

"ती कबड्डी होती, दादू. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे."

"मग तुझ्या आंतरराष्ट्रीय नियमाला सांग, रेघ ती रेघ."

यावर भाऊसाहेबांनी जे म्हटलं ते त्यांनी म्हणायला नको होतं. ते म्हणाले, "कापड मोजणाऱ्याला जमीन कळत नाही." दादूंनी कोपरं गडग्यावरून उचलली आणि ते घरात गेले. भाऊसाहेबांना तेव्हाच जरा वाईट वाटलं. पण नियम त्यांच्या बाजूने होता, आणि नियम बाजूने असला की माणूस माफी मागायला उशीर करतो.

मग मैदान. शाळेचं मैदान म्हणजे कातळावर माती टाकून केलेला सपाट तुकडा, एका अंगाला आंब्याच्या बागेचा गडगा. हेडमास्तरांनी विचारलं की हे नियमात बसतं का. भाऊसाहेब म्हणाले, मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि मोजणी म्हणजे रीतसर अर्ज. हेडमास्तरांनी अर्ज केला. तो कचेरीत फिरत फिरत भाऊसाहेबांच्याच टेबलावर आला. भाऊसाहेबांनी तो उघडला, त्याला नकाशाची प्रत जोडलेली नाही असं पाहिलं, आणि ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ असा शेरा मारून स्वतःच सांगून करवलेला अर्ज स्वतःच परत पाठवला. साळवी सर घरी आले तेव्हा त्यांनी चहा दिला, पण शेरा मागे घेतला नाही. शेवटी एका रविवारी ते खाजगी इसम म्हणून साखळी घेऊन गेले आणि रेषा आखून आले. गडग्याच्या बाजूला रेषा आणि दगड यांच्यात जेमतेम दीड हाताची पट्टी उरली. त्या बाजूला प्रेक्षक उभे राहू शकणार नव्हते. सीमानिरीक्षकाला मात्र तिथूनच पळावं लागणार होतं. ‘कोण तो बिचारा,’ असं तेव्हा भाऊसाहेबांच्या मनात आलं.

साळवी सरांनी त्यांना मुलांसमोर चार व्याख्यानं द्यायला सांगितली. मुलं पडवीत मांडी घालून बसत. पुढच्या रांगेत गोलरक्षक बाबल्या. मासे विकणाऱ्या गुणवंतीचा मुलगा, दहावीतला, लांबच लांब हातांचा. बाकीचे जांभया देत. बाबल्या ऐकत असे, आणि वाईट म्हणजे प्रश्न विचारत असे.

"निशाण वर गेलं की पाय जाग्यावर," भाऊसाहेबांनी सांगितलं. हे पुस्तकात नव्हतं. पण पुस्तकात नसलेलं पुष्कळ त्यांनी अनुभवातून घातलं होतं.

"आनि शिटी नाय वाजली तर?" बाबल्याने विचारलं.

"कचेरीत खालच्या अधिकाऱ्याची सही झाली की काम झालंच. वरच्याची सही हा उपचार. तसं आधी निशाण, मग शिट्टी. निशाण बघायचं नि थांबायचं."

"आनि निशाणवाल्याचंच चुकलं तर?"

पोरं हसली. भाऊसाहेब हसले नाहीत. "निशाणवाल्याशी हुज्जत घालायची नाही," ते म्हणाले. "हा खेळाडूचा पहिला संस्कार."

संघ तीन सामने जिंकला. कसा जिंकला ते त्यालाही कळलं नाही. बाबल्याच्या हातांतून चेंडू सुटत नसे एवढंच खरं. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला दापोलीचा एक संघ आला. जिंकेल तो विभागाला कोल्हापूरला जाणार. सकाळी पावसाची सर येऊन गेली होती, म्हणून भाऊसाहेबांनी स्वतः उकिडवं बसून, ओल्या मातीवर फक्की दुहेरी ओढली. हद्दीची खूण ठळक असावी असं त्यांचं मत होतं.

पंच कोल्हापूरचे होते. काळे, रुंद, कमी बोलणारे. एक सीमानिरीक्षक त्यांच्याबरोबर आला होता. दुसऱ्याची एसटी घाटात बंद पडली होती. साळवी सर पळत आले.

"भाऊसाहेब, तुम्हीच!"

"मी?" म्हणाले खरे, पण वही आधीच बगलेत होती.

पंचांनी त्यांच्याकडे, मग वहीकडे पाहिलं. "नियम म्हाईत हाईत न्हवं?"

"अनुवाद माझाच आहे," भाऊसाहेब म्हणाले.

समोरच्या बाजूला सगळी आळी जमली होती. शालन आणि जनी छत्री घेऊन पुढे. दादू पावसकर मागे, पाठमोरे उभे राहता येत नाही म्हणून तिरके उभे. या बाजूला गडगा, फक्कीची रेषा आणि लाल निशाण घेतलेले भाऊसाहेब. पहिल्या दहा मिनिटांत त्यांचं धोतर बाभळीच्या काट्यात अडकलं आणि एक बाही चिऱ्यावर घासून फाटली; पण पस्तीस मिनिटांत सहा वेळा निशाण वर गेलं आणि सहाही वेळा पंचांनी शिट्टी दिली. सहाव्या वेळी समोरून कुणीतरी "वा भाऊसाहेब!" म्हटलं. भाऊसाहेबांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि दादू ऐकतायत का ते पाहिलं.

उत्तरार्धाची शेवटची पाच मिनिटं राहिली तरी दोन्ही बाजूंना गोल नव्हता. मग दापोलीच्या कुणीतरी लांबून चेंडू हाणला. तो उसळत उसळत गडग्याच्या कोपऱ्याकडे आला आणि रेषेजवळ येऊन मंदावला. दापोलीचा एक मुलगा मागे धावला. बाबल्या गोल सोडून सुसाट पुढे आला; तो आधी पोचणार हे दिसतच होतं. चेंडू रेषेवर चढला. तपकिरी चामड्याला ओली पांढरी फक्की लागली.

आणि भाऊसाहेबांचा हात वर गेला.

त्यांनी तो वर नेला नाही. हे पुढे कितीही वेळा त्यांनी स्वतःला सांगितलं तरी त्यात काही दम नव्हता, कारण हात त्यांचाच होता. नववा नियम डोक्यात पाठ होता, स्वल्पविरामांसकट. पण डोक्यापर्यंत बातमी पोचायच्या आत वीस वर्षांची फक्की हातात भिनलेली होती.

बाबल्याने निशाण पाहिलं. त्याने उचललेला पाय खाली ठेवला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि तो उभा राहिला. शिकवल्याप्रमाणे.

पंचांनी हात हलवून खेळ चालू ठेवायला सांगितलं. दापोलीच्या मुलाला कुणी व्याख्यानं दिलेली नसावीत; त्याने चेंडू घेतला आणि रिकाम्या गोलात सरळ मारला. भाऊसाहेबांचं निशाण तोवर खाली आलं होतं. वर होतं ते दोन श्वासांपुरतं. समोरची सगळी गर्दी चेंडूमागे बघत होती. निशाण पाहिलं ते तिघांनीच. बाबल्याने, पंचांनी, आणि ज्याच्या हातात ते होतं त्याने.

सामना एक-शून्य संपला. पंच वहीत काहीतरी लिहीत गडग्याकडे आले, निशाण परत घेतलं आणि हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, रेघ आतलीच असतीय की."

भाऊसाहेबांना म्हणायचं होतं, मला माहीत आहे. त्याहून लाजिरवाणं उत्तर दुसरं नव्हतं, म्हणून ते धोतरातले काटे काढू लागले.

घरी जाताना शालन म्हणाली, "तुम्ही छान धावलात हो. निशाण शोभत होतं हातात." भाऊसाहेब म्हणाले, "बाही फाटली." दिवसभरात त्यांनी बोललेलं ते शेवटचं खरं वाक्य.

दुसऱ्या दिवसापासून गावाने निकाल दिला. चेंडू समोर असताना पोरगा कमरेवर हात ठेवून उभा राहिला! सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीवर, कचेरीतल्या चहाला हाच विषय. कुणीतरी बाबल्याला ‘विठोबा’ नाव ठेवलं आणि ते असं चपखल बसलं की आठवड्यात शाळेतली चिमुरडी पोरंसुद्धा तो दिसला की कमरेवर हात ठेवून विटेवर उभी राहू लागली. कचेरीत लोक भाऊसाहेबांना अधिकारी पुरुष म्हणून विचारत, "तुम्ही तर अगदी जवळ होतात. काय झालं हो त्याला?" भाऊसाहेब म्हणत, "सांगणं कठीण आहे." हे खरंच होतं. फार कठीण होतं.

गुणवंती रोज सकाळी टोपली घेऊन दारात यायची. ती पायरीवर टेकली की शालन परात आणायची. त्या आठवड्यात मासे फार चांगले येऊ लागले.

"ह्यो सरंगा भाऊसायबांना म्हनून बाजूला काढलाय," ती म्हणाली. "त्येंनी माज्या पोराला येवढं शिकवलंन. बाजारात बाया मना ‘विठोबाची आय’ म्हंतात वो. पोरगा घरात तोंड उघडत नाय. इचारलं तर म्हंतो, ध्यान नव्हतं. माज्या पोराचं ध्यान नव्हतं असं कदी झालंय?" मग तिने आत पाहिलं. "भाऊसायेब, तुमी कायतरी लिवा ना. तुमच्या लिवन्याला मान हाय."

भाऊसाहेब पेपराआड होते. "बघू," ते पेपराला म्हणाले.

दुपारी सरंगा ताटात आला. त्यांनी एक घास घेतला आणि काटा लागल्यासारखा ठसका आला.

"सरंग्याला कुठले एवढे काटे?" शालन म्हणाली.

पुढच्या मंगळवारी साळवी सर आले ते आनंदाने. विभागाची संधी हुकल्यामुळे संस्थेच्या मंडळींनी खुलासा मागवला होता, म्हणून हेडमास्तरांनी ‘गोलरक्षकाच्या निष्काळजीपणाबाबत चौकशी समिती’ नेमली होती. निष्काळजीपणा शाबीत झाला की बाबल्याला संघातून काढायचं आणि पोरांना धडा घालून द्यायचा. सभासद स्वतः सर, आणि क्रीडाप्रेमी नागरिक म्हणून दादू पावसकर. "अध्यक्ष तुम्ही," सर म्हणाले. "तुमच्याइतका नियम कुणाला माहीत? आणि प्रत्यक्षदर्शीही तुम्हीच!"

भाऊसाहेबांनी कामाचा व्याप सांगितला. तब्येत सांगितली. सर म्हणाले, एकच बैठक. खरं कारण सोडून त्यांच्याकडे दुसरं कारण उरलं नाही, तेव्हा त्यांनी होकार दिला.

बैठक हेडमास्तरांच्या खोलीत झाली. दादू खिडकीकडे तोंड करून बसले, कारण बोलणं अजून बंदच होतं. बाबल्या उभा होता. लांबच लांब हात कुठे ठेवावेत ते त्याला समजत नव्हतं. कमरेवर तर ठेवण्याची सोयच उरली नव्हती. भाऊसाहेबांनी कागद पुढे ओढला आणि चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

"चेंडू तुझ्यासमोर होता?"

"व्हय."

"मग सोडलास का?"

बाबल्याने त्यांच्याकडे पाहिलं. एकदाच. "ध्यान नव्हतं," तो म्हणाला.

भाऊसाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘लक्ष नव्हते.’

उठताना त्यांची छत्री खाली पडली. बाबल्याने ती उचलून दिली आणि व्हरांड्यापर्यंत मागे आला. आसपास कुणी नाही असं बघून भाऊसाहेबांनी विचारलं, "अरे, तू खोटं का सांगितलंस?"

"तुमीच सांगितलंवता ना," बाबल्या म्हणाला, "निशाणवाल्याशी हुज्जत घालायची नाय."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला रागावता येतं. पोरगा सरळ मनाने नियम सांगत होता. भाऊसाहेब छत्री उघडून निघाले, आणि पाऊस नाही हे त्यांना आळीच्या तोंडाशी कळलं.

त्या संध्याकाळी त्यांनी अहवाल लिहायला घेतला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असंख्य अहवाल लिहिले होते. झाड पडतं पण कुणी पाडत नाही, फाइल गहाळ होते पण कुणी हरवत नाही, अशी ती भाषा त्यांच्या बोटांत होती. तिने दगा दिला नाही. दोन तासांनी एक वाक्य तयार झालं: ‘सदर प्रसंगी सीमेवर उपस्थित असलेल्या एका इसमाकडून अनवधानाने निशाण उंचावले गेल्याने गोलरक्षकाचा गैरसमज झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ त्यांनी ते दोनदा वाचलं. खरं होतं. पोरगाही सुटत होता. आणि कुणीच अडकत नव्हतं. असं वाक्य जमलं की एरवी ते चहा मागत. आज मागितला नाही.

जनी पक्की प्रत करायला बसली. थोड्या वेळाने तिचं पेन थांबलं.

"भाऊ, हा इसम कोण?"

"इसम म्हणजे व्यक्ती."

"ते माहीत आहे मला. नाव काय त्याचं?"

"अहवालात नावं नसली तरी चालतात."

"पण तुम्हीच तर सांगता, नावाशिवाय आलेला कागद तुम्ही परत पाठवता."

भाऊसाहेब म्हणाले, "आहे तसं लिही." मुलीने वाद घातला नाही. बापाकडे नीट पाहिलंही नाही. मान खाली घालून लिहीत राहिली. तिने काय ओळखलं आणि काय नाही, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी तर नाहीच, आणि पुढेही कधी नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वाचन होतं. हेडमास्तर, साळवी सर, दादू. दाराशी बाबल्या, आणि पालक म्हणून बोलावलेली गुणवंती, टोपली बाहेर ठेवून आत आलेली. खिडक्यांच्या गजांना पोरं लटकलेली. त्यातली दोघं-तिघं आपली हळूच कमरेवर हात ठेवून.

भाऊसाहेब उभे राहून वाचू लागले. प्रस्तावना झाली. हवामान झालं. मैदानाची लांबी-रुंदी झाली. मग ते वाक्य आलं. "सदर प्रसंगी सीमेवर उपस्थित असलेल्या एका इसमाकडून..." ते थांबले. ‘इसमाकडून’च्या पुढे जनीने ठिपके ठिपके देऊन नावापुरती जागा सोडली होती. कचेरीतल्या छापील फॉर्मवर असते तशी. आधी आडनाव मावेल एवढी.

"पुढे?" हेडमास्तर म्हणाले.

भाऊसाहेबांनी खिशातून पेन काढलं. उभ्या उभ्याच, कागद डाव्या तळहातावर धरून, त्यांनी ती जागा भरली. अक्षर वाकडं आलं. मग वाचलं, "एका इसमाकडून, नागवेकर वासुदेव रामचंद्र यांच्याकडून, अनवधानाने..." आणि पुढचं त्यांना वाचवेना. "म्हणजे मी," ते म्हणाले. "निशाण मी वर केलं. चेंडू रेषेवर होता. म्हणजे आत होता. नियम मला माहीत होता. पोरगा निशाण बघून थांबला. तसं थांबायला मीच शिकवलेलं. तेही चुकीचं. शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नसतं."

 पहिले बोलले ते महिना-सव्वा महिना मुके असलेले दादू. ते खुर्चीत गर्रकन वळले.

"फक्की लागली म्हणून हात गेला?"

"हो."

"वासू, अरे मग मी गडग्यावर वेगळं काय सांगत होतो? तुझा हातसुद्धा माझ्या बाजूने आहे!"

साळवी सरांना हसू फुटलं. खिडकीतली पोरं खिदळली. भाऊसाहेबांनी रागाची तयारी केली होती, ठपक्याची केली होती, बदलीच्या अर्जाचा मसुदासुद्धा मनात तयार होता. हसण्याची तयारी त्यांनी केलेली नव्हती. पंधरा दिवस पोटात वागवलेली गोष्ट लोकांच्या लेखी एवढीशी गंमत होती, याने अपराध हलका होण्याऐवजी जास्तच ओशाळवाणा झाला. एवढ्याशासाठी त्यांनी पोराला उघड्यावर ठेवलं होतं.

हेडमास्तरांनी खाकरून सगळ्यांना गप्प केलं. "भाऊसाहेब, तुमचा मोठेपणा. पण कागद संस्थेकडे जाणार. सरकारी माणसाचं नाव कशाला उगाच? ‘एक इसम’च राहू द्या. मुलाला आपण निर्दोष धरू. झालं."

"हो तर," साळवी सर म्हणाले. "झालंच."

दादू गुणवंतीला समजावू लागले, "तसं बघशील तर बाई, रेघेचा प्रश्न आधीपासूनच..."

"दादूशेट, तुमी जरा गप ऱ्हावा," गुणवंती म्हणाली.

ती हसलेली नव्हती. पदर खोचून ती टेबलापाशी आली आणि भाऊसाहेबांच्या हातातल्या कागदाकडे पाहू लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण ताजी शाई कुठे आहे ते दिसत होतं.

"ह्ये तुमचं नाव?"

"हो."

"परत वाचा."

भाऊसाहेबांनी परत वाचलं. नावासकट. मधे न थांबता, शेवटपर्यंत.

गुणवंतीने दाराशी उभ्या बाबल्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. गजांवरच्या पोरांचे हात कमरेवरून खाली आले होते, पण मागे व्हरांड्यात अजून गर्दी होती, आणि तिथून कुणीतरी अजूनही त्याच नावाने हाक मारत होतं.

"आजून येकदा वाचा, भाऊसायेब," ती म्हणाली. "मोठ्यानं. त्या भायेरच्यांना जाऊंदे ऐकू."

हेडमास्तर काही म्हणणार होते. भाऊसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं, खिडकीकडे तोंड केलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं. या खेपेला त्यांना कागद लागला नाही.